शिवकांता सिस्टरची कच्ची लिंबं

शिवकांता सिस्टरचा डावा हात त्यांचा स्वतःचा नव्हता. उजव्या हातानं त्या भाकरी खायच्या, कपाळाला भस्म लावायच्या, रजिस्टर लिहायच्या आणि वेळ पडली तर पाठीत धपाटा घालायच्या. डावा हात आमच्या कॉलेजातल्या कच्च्या पोरींसाठी राखून ठेवलेला होता. दुपारच्या सुट्टीत ड्यूटी रूमच्या टेबलावर तो कोपरापासून उताणा पसरलेला असायचा, शेजारी स्पिरिटचे बोळे आणि नव्या सुयांची पाकिटं, आणि सिस्टर उजव्या हातानं भाकरी मोडून ठेच्याला लावत बसलेल्या. जिला शीर सापडत नसेल तिनं यावं, पट्टा बांधावा आणि टोचावं. चुकलं तर घास गिळून त्या म्हणायच्या, "पुन्यांदा." फारच लागलं तर ठेचा तिखट झाल्याचं सांगायच्या.

हे सगळं परभणीतल्या आमच्या नर्सिंग कॉलेजातलं आणि त्याच्या दवाखान्यातलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरी करते. प्राचार्य बाईंनी एकदा लेखी सूचना काढली होती की कर्मचाऱ्यांच्या शरीराचा सरावासाठी वापर करू नये. सूचना वाचल्याची सही घ्यायला शिपाई आला तेव्हा सिस्टरनी उजव्या हातानं सही करून टाकली. डाव्या हातात त्या वेळी माझी सुई होती, तीही चुकीच्या जागी.

ठेंगण्या, रुंद, चालताना थोड्या डुलणाऱ्या. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, ते कायम युनिफॉर्मच्या आत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भाच्याकडं राहायच्या. वॉर्डात शिरताना पेशंटला लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थ" म्हणायच्या, मग पेशंट कुठल्याही जातीधर्माचा असो. पेशंटही सवयीनं "शरणार्थ" म्हणायचे. नवी बॅच आली की बाकीच्या मॅडम विचारायच्या, बारावीला किती टक्के? शिवकांता सिस्टर विचारायच्या, "काल होस्टेलात कोन कोन रडलं?" जिनं हात वर केला ती त्यांची. तिचं नाव त्या दिवसापासून कच्चं लिंबू. खेळात एखादं बारकं पोरगं घ्यावंच लागतं, त्याच्यावर राज्य येत नाही, ते लिंबू. आम्हाला राग यायचा. त्या म्हणायच्या, "अगं, बाद व्हतात ते पक्के. कच्चं लिंबू कदी बाद व्हत न्हाई. मला तुमीच पायजेत."

त्यांच्या तऱ्हा ऐकल्या तर तुम्ही म्हणाल, बाई ठिकाणावर नव्हती. आम्हीही म्हणायचो. एक पोरगी पेशंटशी बोलायलाच लाजायची. तिला सिस्टरनी रोज सकाळी एका रिकाम्या खाटेपुढं उभं केलं. "नमस्कार, मी तुमची सिस्टर, झोप लागली का?" असं खाटेला विचारायचं. आठ दिवसांत ती खाटेशी इतकी मोकळी झाली की वहिनीच्या भानगडीही सांगू लागली. आजूबाजूचे पेशंट कान देऊन ऐकायचे, आणि त्या खाटेवर कुणी भरती झालं की त्याला आधीची हकीकत सांगून पुढचं ऐकायला तयार ठेवायचे. रक्त बघून चक्कर येणाऱ्या एका मुलाला त्यांनी आठवडाभर बीट किसायला बसवलं. त्याचा काहीच उपयोग झाला नाही. तो आता जिंतूरला औषधांचं दुकान चालवतो आणि बीट खात नाही.

आता माझं सांगते. मी शेळ्यामेंढ्यांच्या घरातली. आमची वस्ती चारठाण्याच्या पलीकडं, माळावर. पुस्तकातलं मला सगळं पाठ. पण पेशंटला हात लावायची वेळ आली की माझा हात असा थरथरायचा की ट्रेमधल्या बाटल्या वाजायच्या. पहिल्याच महिन्यात एका गृहस्थांची नाडी बघता बघता मी घाबरून स्वतःचंच मनगट धरलं आणि त्यांच्या कागदावर एकशे चाळीस लिहिलं. डॉक्टर पळत आले. गृहस्थ केळं खात होते. त्यांना ते केळं पुरं करू न देता ऑक्सिजन लावला गेला, ते त्यांनी मला घरी जाईपर्यंत माफ केलं नाही.

प्रॅक्टिकलला मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा झाले की नाव कमी, असा आमच्याकडचा नियम. नाव कमी झालं असतं तर मी घरी गेले असते, शेळ्या राखल्या असत्या, त्यात मला काही कमीपणा नव्हता. अडचण दाराची होती. माझं ॲडमिशन झालं त्याच आठवड्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या घराच्या दारावर ऑइलपेंटनं माझं नाव लिहून घेतलं होतं. कु. वनिता, आणि खाली मोठ्या लाल अक्षरात, नर्स. मी म्हटलं, आबा, अजून तीन वर्षं आहेत. आबा म्हणाले, "पेंटर आजच आलता." तेव्हापासून अख्खी वस्ती मला सिस्टर म्हणायची. दिवाळीला घरी गेले की लोक कापलेली बोटं आणि म्हाताऱ्यांचे गुडघे घेऊन दारात बसलेले. तो रंग नुसता पुसून निघणारा नव्हता. दार बदलावं लागलं असतं, आणि आबांनी ते बदलताना मी समोर कशी उभी राहिले असते, हे मला त्या वेळी कळत नव्हतं. मी रडत होते तेव्हा खरं तर त्या दाराला रडत होते.

सिस्टरच्या डाव्या हातावर मी तीन आठवडे होते. एकदाही शीर लागली नाही. हात हिरवानिळा झाला. शेवटी त्याच म्हणाल्या, "हातानं भागायलं न्हाई. तू मानसाला कामून भितीस?"

"माहीत नाही, सिस्टर."

"खाटंवर पडलेलं मानूस कसं असतं ते तुला ठाव न्हाई. उद्या तूच आडवी व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी मला दवाखान्याचे कपडे घालायला लावले, फोन काढून घेतला आणि केसपेपर करायला बसल्या. "खोटं एक अक्षर लिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सांग, काय व्हायलंय तुला?" मी सांगितलं. हात थरथरतात. तोंडाला कोरड पडते. भूक मेली आहे. छाती धडधडते. त्यांनी तसंच लिहिलं, आणि मला महिला वॉर्डात खाट नंबर चौदावर निजवलं. दोन वाजेपर्यंत पडून राहायचं, कोण कसा हात लावतं ते बघायचं, एवढाच बेत होता. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली त्या दिवशी बोरीला घरोघरी फिरून पाहणी करायला गेल्या होत्या, त्यामुळं हसायलाही कुणी नव्हतं.

बाराच्या सुमाराला सिस्टरना अचानक जीपमध्ये घालून गंगाखेडच्या तपासणी शिबिराला नेलं. जाता जाता दारातून त्या मला म्हणाल्या, "दोनला ऊठ." मी दोनला उठले. पण दोनला पाळी बदलली होती, आणि दुपारच्या पाळीला ज्या सिस्टर होत्या त्या कालच दुसऱ्या गावाहून बदलून आल्या होत्या.

"कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं.

"मी पेशंट नाही, मॅडम. मी इथं नर्सिंगला आहे."

त्यांनी केसपेपर पाहिला. "वनिता? खाट चौदा?"

"हो."

"मग झोप."

मी पुन्हा समजावून सांगितलं. तिसरं वर्ष, होस्टेल, शिवकांता सिस्टर, डावा हात, सगळं सांगितलं. डाव्या हाताचं सांगायला नको होतं. त्या "बरं हं बाळा" म्हणाल्या, मला पांघरूण घातलं आणि कागदावर लिहिलं, 'पेशंट स्वतःला नर्स समजते.'

युनिफॉर्म उतरवला की आम्हाला चिटपाखरू ओळखत नाही, हे मला तेव्हा कळलं. रोज जिच्याबरोबर चहा प्यायचे ती वॉर्डातली मावशी माझ्या खाटेखालून फडकं मारून गेली आणि पाय वर घ्या म्हणाली. मी दोनदा उठून गेटपर्यंत गेले. दोन्ही वेळा वॉचमननं डिस्चार्ज कार्ड मागितलं आणि हाताला धरून परत आणून सोडलं. मग चारच्या राऊंडला तरुण डॉक्टर आले. त्यांनी कागद वाचला आणि खुर्ची ओढून बसले. कुठलाही डॉक्टर पेशंटजवळ खुर्ची ओढून बसलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"तुम्हाला कधीपासून वाटतं, आपण नर्स आहोत?"

"तीन वर्षांपासून," मी म्हटलं. खोटं कसं बोलू?

"घरात आणखी कुणाला असं वाटतं?"

"वडिलांना. त्यांनी दारावर पण लिहून घेतलंय."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. मग मानसोपचारवाल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा असं लिहिलं, आणि हात थरथरतात म्हणून थायरॉईडसाठी रक्त काढायला सांगितलं.

रक्त काढायला आलेला मुलगा मित्राशी क्रिकेटचं बोलत होता. बोलता बोलताच त्यानं माझा हात उचलला, पट्टा आवळला, आणि या हाताच्या मागं कुणी बाई आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मी भ्याले. अहो, तीन वर्षं सुया हाताळलेली मी, एवढीशी सुई बघून डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझं दुसरं मनगट कुणीतरी धरलं. शेजारच्या तेरा नंबरवर बोरीची एक म्हातारी होती, दम्याची. चार पावलं चालली तर तिला धाप लागायची. ती उठून आली होती, भिंतीला टेकून उभी होती, आणि धापा टाकत म्हणत होती, "झालं माय, झालं." सुई कधी आली, कधी गेली, मला कळलं नाही. मी हमसून हमसून रडले. नव्या सिस्टरनी तेही लिहून ठेवलं.

सहाला शिवकांता सिस्टर परत आल्या. माझ्या खाटेवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि अख्खा कागद वाचला. कुठंही हसल्या नाहीत. "कागूद लय चांगला लिवलाय तिनं," एवढंच म्हणाल्या. "बरं, तुला काय समजलं?"

मी म्हातारीचं सांगितलं. मग म्हटलं, "गंमत म्हणजे, आम्ही शेळीला इंजेक्शन देताना अगदी असंच म्हणतो. झालं माय, झालं."

"शेळीला सुई कोन देतं?"

"मीच देते. बारा वर्षांची होते तेव्हापासून."

सिस्टरनी चष्मा काढला. "आन् तवा हात थरथरतो?"

"शेळीला कशाला थरथरेल?"

त्या म्हणाल्या, "आईतवारी तुझ्या घरला येते." पण त्याआधी मला सुटायचं होतं, आणि डॉक्टर म्हणाले की या अवस्थेत पेशंटला एकटं सोडता येणार नाही, जबाबदार नातेवाईक लागेल. त्यांची समजूत घालत बसण्यापेक्षा सिस्टरनीच नातेवाईक म्हणून सही केली. नात्याच्या रकान्यात त्यांनी आधी 'सिस्टर' लिहिलं, ते खोडलं आणि 'माय' लिहिलं. ते कार्ड माझ्याकडं आहे.

रविवारी त्या स्कूटीवर आमच्या माळावर आल्या. आल्या त्या पहिल्यांदा दारापुढं उभ्या राहिल्या आणि लाल अक्षरं वाचली. आबा शेजारी हात जोडून उभे. "रंग चांगला हाय," सिस्टर म्हणाल्या. आबा म्हणाले, "दोन हात दिलेत." याच्यापलीकडं दोघं त्या विषयावर बोलले नाहीत. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी शेळ्यांकडं गेले.

त्या दिवशी शेळ्यांना लस द्यायचीच होती. मी पहिली शेळी गुडघ्यात धरली, मान काखेत घेतली, बोटांनी तिची कातडी चिमटीत उचलली, तोंडानं आपोआप "उभी ऱ्हा माझी बाय, झालं माय, झालं" चालू, आणि सुई आत. दुसरी शेळी. तिसरी. सातवी झाल्यावर वर बघितलं तर सिस्टर दावणीच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांनी डावी बाही वर केली होती.

"आता माझी बारी," त्या म्हणाल्या. "मी बी शेळीच हाय असं समज. तसंच धर."

आबा पळत आले. "बाईसाहेब, ह्ये काय करायल्यात? च्या घ्या, च्या." सिस्टरनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी त्यांनी पिशवीतून आणलेला पट्टा बांधला, नवी सुई घेतली, त्यांचा दंड काखेत घेतला, गुडघा त्यांच्या मांडीला टेकवला. तोंडानं आपोआप निघालं, "झालं माय, झालं." शीर पहिल्या फटक्यात लागली. नळीत लाल रक्त चढलेलं मी बघत राहिले. माझा हात दगडासारखा स्थिर होता. सिस्टरनी काही शाबासकी दिली नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघून, अगदी गंभीरपणे, शेळीसारख्या ओरडल्या. "ब्याऽऽ." दावणीतल्या सातही शेळ्यांनी उत्तर दिलं. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. असलं वरचं शिक्षण आपल्याला कळत नाही, असं त्यांनी नंतर वस्तीवर सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला आले गंगाखेडचे एक किराणा दुकानदार. भलं मोठं शरीर, आणि सुईचं नाव काढलं की घाम. बाहेरगावच्या परीक्षक बाई वही घेऊन उशाशी उभ्या. शिवकांता सिस्टरना आत यायची परवानगी नव्हती. मी ट्रे उचलला आणि बाटल्या वाजायला लागल्या. शेटजींनी त्या बाटल्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. मला दार दिसायला लागलं. लाल अक्षरं दिसायला लागली. संपलं आपलं, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात खिडकीबाहेरून शेळी ओरडली.

परीक्षक बाईंनी मान वर केली. "इथं शेळ्या येतात?"

वॉर्डातले मामा म्हणाले, "येत्यात कदीमदी."

माझ्या बाटल्या वाजायच्या थांबल्या. मी ट्रे ठेवला. शेटजींचा हात काखेत घेतला, गुडघा खाटेच्या कडेला रेटला आणि म्हटलं, "उभी ऱ्हा माझी बाय, उभी ऱ्हा. झालं माय, झालं." शेटजी आडवे होते, पुरुष होते आणि माझ्या वडिलांच्या वयाचे होते, पण ते एकदम शांत झाले. मी पट्टी चिकटवली तरी ते छताकडं बघत होते. मग म्हणाले, "टोचलं का? मला तर कळालंबी न्हाई." परीक्षक बाईंनी मला पास केलं. शेऱ्यात लिहिलं, 'कौशल्य उत्तम. रुग्णाशी संवाद परिणामकारक, मात्र भाषेत सुधारणा आवश्यक.' खिडकीबाहेर कुणी नव्हतं. दुपारी ड्यूटी रूममध्ये गेले तर सिस्टरच्या डाव्या हातावर दुसरंच लिंबू होतं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "उजेडात यायलीस. बाजूला सर."

पुढं सिस्टर निवृत्त झाल्या आणि मी त्याच दवाखान्यात विद्यार्थिनींना शिकवायला लागले. आणि खरं सांगते, मी वाईट शिकवणारी झाले. पक्क्या पोरी मला आवडायला लागल्या. काम पटपट होतं, तक्रारी येत नाहीत. दीपाली नावाची एक मुलगी माझ्याकडं होती, दोनदा नापास झालेली, ट्रे उचलला की बाटल्या वाजवणारी. तिचं नाव कमी करावं असा कागद मी स्वतः लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. फक्त सही राहिली होती. माझ्या हातून असा कागद कसा लिहिला गेला असेल असं तुम्ही विचाराल. अगदी सहज लिहिला गेला. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात भाच्यानं सिस्टरना आणलं. पोटाचा आजार, शेवटपर्यंत आलेला. त्यांना ते ठाऊक होतं. स्ट्रेचरवरूनच म्हणाल्या, "शरणार्थ. चौदा रिकामी हाय का?" रिकामी नव्हती, पण मी करून दिली. सलाईन लावायचं होतं. मी ट्रे घेऊन पुढं झाले तर त्यांनी हात पांघरुणात घेतला.

"तू नको. तुझ्याकडचं कच्चं लिंबू आन."

"सध्या कुणी कच्चं नाही, सिस्टर. सगळ्या पक्क्या आहेत."

"असं व्हतं व्हय कदी?" म्हणत त्यांनी मान वळवली. दाराच्या आड दीपाली उभी होती, ट्रे पोटाशी धरून. बाटल्या वाजत होत्या. "ती कोन मंग?"

दीपाली आली. सिस्टरनी डावा हात पुढं केला. "ह्योच घे. उजव्याला सवय न्हाई." हात काय राहिला होता, नुसती हाडं आणि कातडी. दीपालीची पहिली सुई चुकली. "पुन्यांदा," सिस्टर म्हणाल्या. दुसरी चुकली. मी तिच्या हातातली सुई घ्यायला हात पुढं केला, तर सिस्टरनी उजव्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारला. ताकद नव्हती त्यात, पण फटकाच होता.

"तुझी बारी झाली मागंच," त्या म्हणाल्या. "हिची व्हायलीय."

दीपाली रडायला आली होती. मग त्या बाईनं, जिला श्वास पुरत नव्हता, तिनं दम घेतला आणि हळूच म्हटलं, "ब्याऽ." दीपालीनं दचकून माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मला तिला समजावून सांगता येईना, म्हणून मी नुसती तिच्या शेजारी गेले, सिस्टरचं दुसरं मनगट धरलं आणि म्हटलं, "झालं माय, झालं." मी ते दोघींना म्हटलं. मी खुणेनं दाखवलं तसा दीपालीनं दंड काखेत घेतला, आणि तिसरी सुई लागली. सिस्टरनी डोळे मिटले आणि विचारलं, "हिचं नाव काय?" मी सांगितलं. "हिला ठिव," त्या म्हणाल्या. त्यांना ड्रॉवरचं कसं कळलं, मला आजही माहीत नाही. तो कागद मी त्याच दुपारी फाडला.

आठ दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, सिस्टर गेल्या. त्यांच्यात बसवून माती देतात, त्यामुळं शरीर ताठ व्हायच्या आत सगळं आवरायला हवं होतं. भाचा घाई करत होता. स्वामी येऊन बाहेर थांबले होते. आम्ही त्यांचं अंग पुसलं, भस्म लावलं, लिंगाची डबी नीट छातीवर ठेवली. डाव्या हातातली सलाईनची सुई तेवढी काढायची राहिली. ती मी काढणार होते. मी पट्टी धरली आणि माझा हात थरथरायला लागला. इतक्या वर्षांनी, तसाच. पट्टीचं टोकसुद्धा चिमटीत येईना.

"मॅडम, मी काढते," दीपाली म्हणाली, आणि तिनं मला बाजूला केलं.

तिनं सिस्टरचा दंड काखेत घेतला, हलकेच, त्या जिवंत होत्या तेव्हा घेतला होता तसाच. "झालं माय, झालं," असं म्हणत सुई काढली. मग बोळा ठेवून तो अंगठ्यानं दाबून धरला, आम्ही शिकवतो तसा, रक्त थांबेपर्यंत. तिथं रक्त येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. भाचा दारातून चला चला म्हणत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि दीपालीचा अंगठा निघेपर्यंत तिथंच उभी राहिले.